न धुतलेला ग्लास

ग्लास हातात आला की साहेब दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर झाकणासारखा ठेवायचे. वाऱ्यात दिवा सांभाळावा तसा. आणि मला म्हणायचे, "घाई काहून करता, मिस्तरी? पहिले नाकाले पिऊ द्या."

मी सुतार. अकोल्यात जन्म गेला, रंधा मारण्यात. शाळा नावाला पाहिली. बायको गेली आणि मुलानं मला अमरावतीला त्याच्या घरी आणलं. तिथं माझं बूड टिकेना. बसलो की उठावं वाटे, उठलो की कुठं जावं ते समजेना. एसटी स्टँडवर जायचो, अकोल्याच्या गाडीत चढायचो, गाडी सुटायच्या आधी उतरायचो. दारू प्यायचो ती झोपेसाठी. एका घोटात. चवीचं काय काम होतं?

साहेब गल्लीच्या टोकाला राहत. सरकारी खात्यातले रिटायर इंजिनिअर, मूळचे मोर्शीकडचे. त्यांच्या कपाटाचं दार फुगलं होतं, ते तासायला गेलो. काम झाल्यावर त्यांनी बसवून घेतलं. मुलगी स्कॉटलंडला, ती येताना तिकडची व्हिस्कीची बाटली आणायची. रंग असा, की जुन्या सागवानाला तेल पाजल्यावर येतो.

मी ग्लास उचलला आणि रिकामा करून खाली ठेवला.

साहेब बघत राहिले. "गोळी गिळली काय, मिस्तरी?"

"सोडा असता तं बरं झालं असतं."

"सोडा पाह्यजे असन तं तुमच्यासाठी देशी आणतो. इच्यात नाई."

दुसरी ओतली. चमच्यानं पाण्याचे थेंब टाकले, होमिओपथीच्या डॉक्टरासारखे. मग विचारलं, "काय वास येते?"

"दारूचा."

आत वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, हसल्या. साहेब नाही हसले. "दारूच्या मांगं कोन हाये, ते पाहा."

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. साधी गोष्ट त्यांना साधी राहू देववत नाही. मला राग आला होता. तरी पुन्हा गेलो. घरात येरझारा घालण्यापेक्षा बरं.

हळूहळू नाक उघडलं. आधी मनुका आल्या. मग मोहाची वाळलेली फुलं. एकदा मी त्या पिपाचं विचारलं, ज्यात ही दारू मुरवतात. लाकडाचं पीप, खिळा नाही, सरस नाही, वरून नुसते लोखंडी पट्टे. मग गळत काहून नाही?

"ओलं लाकूड फुगते ना, माह्या कपाटासारखं," साहेब म्हणाले. "आन त्या पिपात पहिले शेरी होती. द्राक्षाची दारू. ते काढली आन रिकाम्या पिपात हे भरली. मंग वर्सानुवर्स ठेवली."

"म्हंजे उष्टं पीप."

"उष्टंच. शेरी कवाचीच गेली, पन लाकूड तिले सोडत नाई."

आतून वहिनी ओरडल्या, "हुंगा अजून. मांजरीवानी बसले दोघं."

मला तेव्हा एक गोष्ट खात होती. कोणाला सांगितली नव्हती. बायको मला आठवतच नव्हती. भिंतीवर फोटो होता, फोटोला हार होता. पण ती आधारकार्डावरची बाई. माझ्या शेजारी निजणारी कुठं गेली, ते सापडेना. साड्या मुलानं वाटून टाकल्या, गोधडी धुतली गेली. गल्ल्या तुडवत होतो ते तिलाच शोधत.

एका संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "आज काय?"

मी नाक आत घातलं. "संत्र्याची साल. सुकलेली. शिकेकाईत उकळलेली."

"बराबर," म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. मी उठलो होतो. ग्लास तसाच ठेवला, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि निघून आलो.

ती सुपात साली वाळवायची. शिकेकाईत टाकून उकळायची. न्हायली की तिचे ओले केस माझ्या उशीवर यायचे. इतके दिवस शोधली, आणि समोर आली तर मी पळालो.

दुसऱ्या दिवशी साहेब दारात. हातात तोच ग्लास, वर बशी झाकलेली.

"तुमची राह्यलेली मी पिलो. वाया नाई घालवत. पन ग्लास धुतला नाई."

"रिकामा ग्लास काय करू?"

"नाक लावा. दारू उडून गेली. आता जे राह्यलं, ते पाहा."

लावलं. लाकूड होतं, गूळ होता, आणि साल होती. साहेब ओट्यावर बसले. मीही बसलो. सुनेनं ठेवलेला चहा गार झाला तरी मी जागचा हललो नाही. या घरात असं पहिल्यांदाच.

मग साहेबांना ताप आला. बरे झाले तेव्हा नाक गेलं होतं. कांदा नाही, अगरबत्ती नाही, काहीच नाही. तरी ओतायचे. तळवा झाकायचे, काढायचे, ग्लास माझ्याकडे द्यायचे. "तुमी सांगा, मिस्तरी."

मला शब्द कमी. सांगायचो जमेल तसं. पावसात भिजलेलं बैलगाडीचं जू. नवी चप्पल. ते डोळे मिटून ऐकायचे. "मांगं कोन हाये?" एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून गुलाब म्हटलं.

"खोटं बोलू नोका. गुलाब इच्यात कधीच नवता."

यंदा बाजारात संत्री आली तेव्हा साहेब गेले. वहिनी मुलीकडे निघाल्या. जायच्या आधी पदराखालून ग्लास काढून दिला. "शेवटची यातच घेतली त्यायनं. धुतला नाई."

फळीवर बशी झाकून ठेवला आहे. सून विचारते धुऊ काय, मी नाही म्हणतो. परवा बशी काढली, नाक लावलं. नुसत्या काचेचा वास. उठलो, दारापर्यंत गेलो, चप्पल घातली, काढली, परत आलो.

"बाबा, रिकामाच हाये ना तो?" सून म्हणाली.

"हो."

ग्लास हातात घेतला, दुसऱ्या हाताचा तळवा वर झाकला आणि बसलो.