पिवळी चावी

अनय, मीरा, तुमचे आजोबा गेले त्या सकाळी त्यांनी माझ्याकडे पिवळी चावी मागितली होती. "आधी चहा," मी म्हटलं. चहा झाला, ते खुर्चीत डोळे मिटून बसले... आणि तसेच राहिले. आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे विचारतात, शेवटी काय बोलले? चावी मागितली म्हटलं, की सगळ्यांना ती कपाटाची वाटते. म्हणून हे नीट लिहून ठेवते आहे.

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हापासून त्यांना सुतारकामाचा नाद. निवृत्तीनंतर नोएडाच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून असलेली बाल्कनी त्यांनी बंद करून घेतली आणि तिला वर्कशॉप म्हणू लागले. पुढे त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. हातकरवत चालवताना फळी दाबून धरता येईना. तेव्हा त्यांनी टेबल सॉ घ्यायचं ठरवलं. टेबलाच्या फटीतून वर आलेलं पातं विजेवर फिरतं, आणि लाकूड आपण त्याच्याकडे सरकवायचं. तुमच्या बाबाने फोनवर साफ नाही म्हटलं. मीही. बधिर बोटं आणि फिरतं पातं... आजोबा शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मग मी दिवसभर तुझ्या स्वयंपाकघरात बसून सूचना करेन. विचार कर."

मी विचार केला आणि त्यांच्याबरोबर कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात गेले. सगळा जन्म सरकारी फायलींत गेलेला, त्यामुळे त्यांनी तुलनात्मक तक्ता करून नेला होता: वजन, पात्यावरचं झाकण, लाकूड उसळू नये म्हणून पात्यामागे असते ती पट्टी, मशीन झटकन बंद करायला गुडघ्यानेही दाबता येईल असं लाल बटण. दुकानदार मोठं मशीन पुढे करत म्हणाला, "अंकल जी, इस उमर में ये शौक?" आजोबा म्हणाले, "बेटा, उँगलियाँ दस ही हैं, इसलिए चश्मा लगाकर देख रहा हूँ." मला मात्र कोपऱ्यातल्या लहान मशीनच्या स्विचमध्ये एक पिवळी चावी दिसली. ती निघते का, मी विचारलं. "जी आंटी, बच्चों के लिए. निकाल लो तो मशीन चलेगी ही नहीं."

"मग हेच घ्या. चावी माझ्याकडे राहील."

"म्हणजे मी बच्चा?"

"हो."

त्यांनी पेन काढलं, तक्त्यात नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'चावी निघते का'. एकाच मशीनपुढे बरोबरची खूण केली.

बाल्कनीत खडूने आखलेल्या जागेवर मशीन तंतोतंत बसलं. पहिली लांब फळी निम्मी कापली गेली आणि तिचं टोक स्वयंपाकघराच्या बंद दारावर आपटून थांबलं. मशीनचं माप घेताना फळी पलीकडे कुठे जाणार, हे ते विसरले होते. "तक्त्यात हा रकाना नव्हता," ते पुटपुटले. मी दार उघडलं. तेव्हापासून फळ्या माझ्या स्वयंपाकघरात यायच्या. रोज दहाला मी गॅस बंद करायची, चावी द्यायची आणि दारात उभी राहून फळीचं पुढे आलेलं टोक तोलून धरायची. "ओढू नकोस सुमन, नुसती धर," हे रोज ऐकायचं. पोह्यांत कधी भुसा यायचा, त्याबद्दल मी बोलायची, ते खायचे. तुम्ही वरच्या जागेसाठी भांडता तो दुमजली पलंग असाच झाला. त्यांची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत राहिली, हे मी जरा अभिमानानेच सांगते.

मशीन कुणाला तरी देऊन टाकू, असं तुमचा बाबा परवा म्हणाला. मी चावी दिली नाही. मशीनवर तुमच्या पुस्तकांच्या शेल्फची शेवटची फळी अजून तशीच आहे, आजोबांची पेन्सिलीची रेघ ओढलेली. दहा वाजले की मी अजून गॅस बंद करून ते दार उघडते. सुट्टीत याल तेव्हा फळी बाबा सरकवेल, तुम्ही लांबून बघायचं. मी या बाजूला उभी असेन. ओढणार नाही, नुसती धरेन.