नवमीला न उघडलेली पुस्तकं

मला अमानवीय अनुभव वाचायला आवडतात, पण सांगणाऱ्यांचा भयंकर राग येतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. "असं झालं हो!" असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो – परत करून दाखव. परत होत नसेल तर तुमची झोप नीट झाली नव्हती, विषय संपला. या ग्रुपवर लोकांच्या अनुभवांखाली अशा खवचट कमेंट्स टाकणारी ती मीच. आता त्याच कमेंट्स काढून माझ्या तोंडावर मारल्यात तरी माझी तक्रार नाही.

मी नेदरलँड्समध्ये रायस्वाइकला राहते. इथले आम्ही काही मराठी पुस्तकवेडे मिळून एक उद्योग करतो – सकाळी ट्रेनने एखाद्या जुन्या शहरात जायचं, तिथलं जुनं ग्रंथालय बघायचं आणि संध्याकाळी परत. गेंट झालं, लूव्हेन झालं, हार्लेम झालं. "करतो" म्हणजे मी करते, बाकीचे येतात. ट्रेनच्या रुळांची कामं कुठे चालू आहेत ते मी बघायचं, ग्रंथालयांना मेल मी लिहायचे, आणि निघायच्या आदल्या दिवशी "तिथे टॉयलेट आहे ना?" हा मेसेजसुद्धा मलाच येणार.

त्या वेळचं ठिकाण होतं आयसेल नदीकाठचं एक लहानसं जुनं गाव. नाव सांगत नाही, तिथल्या बाईंना उगाच फोन जायचे. चर्चला लागून एक दगडी खोली, कमानींचं छत, लांबलचक उतरती लाकडी डेस्कं आणि त्यांना साखळ्यांनी बांधलेली शेकडो वर्षांपूर्वीची पुस्तकं. एरवी ती लांबूनच बघायची. पण तिथे काम बघणाऱ्या मरायका नावाच्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्याशी उन्हाळाभर मेलामेली करून मी त्यांना पटवलं होतं. त्या आमच्यासाठी काही पुस्तकं उघडून दाखवणार होत्या आणि आमच्या ज्येष्ठ पाहुण्यांना पानाला हात लावू देणार होत्या.

ज्येष्ठ पाहुण्या म्हणजे माझ्या सासूबाई. खरं तर सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता.

आई सांगलीच्या. भेळेचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायच्या नाहीत. आदल्या वर्षी सासरे आजारी पडले. त्यांना डोळ्यांनी वाचवत नव्हतं, म्हणून आई हॉस्पिटलमध्ये त्यांच्या उशाशी बसून एक जाडजूड कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायच्या. एका दुपारी त्या पानात खूण घालून चहा प्यायला खाली गेल्या. वर आल्या तेव्हा सासरे गेलेले होते.

त्यानंतर आईंनी एकही पुस्तक उघडलं नाही. कुठलंच. आमच्याकडे राहायला येताना ती कादंबरी तेवढी फडक्यात गुंडाळून बॅगेतून आणली होती. रोज उशाशी ठेवायच्या, फडकं मात्र सोडायच्या नाहीत. निखिल, माझा नवरा, म्हणायचा, "तिला तिच्या कलाने घेऊ दे." पण पुढच्या आठवड्यात त्या परत जाणार होत्या, रिकाम्या घरात. तिथे ही बाई दिवसभर भिंतीकडे बघत बसणार, या विचाराने माझा जीव कासावीस व्हायचा. वाटलं, इतकी जुनी पुस्तकं बघून तरी हात शिवशिवतील...

आणि ट्रिपच्या दिवशी सकाळी बघते तर काय, आईंनी हॉलमध्ये पाट मांडलेला! त्यावर माझ्या मुलीची शाळेची पुस्तकं, फडक्यातली कादंबरी आणि माझा ऑफिसचा लॅपटॉप. लॅपटॉपला हळद-कुंकू.

"आज नवमी," आई म्हणाल्या. "पुस्तकं पूजेत बसलीत. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कुणी उघडायची नाहीत."

"आई, दसरा पुढच्या शनिवारी आहे."

"तो तुमच्या मंडळाचा. तिथी काय तुमच्या हॉलच्या बुकिंगवर येते?"

मी फोनमध्ये बघितलं. झालं! खरंच नवमी होती. इथे आमचे गणपतीसुद्धा वीकेंड बघून येतात आणि दिवाळी हॉल मिळेल तेव्हा होते. मंडळाचा दसरा पुढच्या शनिवारी, म्हणून माझ्या डोक्यात दसरा पुढच्या शनिवारीच. ट्रेन बघितल्या, पाऊस बघितला, शाळेच्या सुट्ट्या बघितल्या, पंचांग तेवढं बघितलं नाही.

"मी येते," आई म्हणाल्या. "लांबून नमस्कार करीन. उघडणार नाही."

मला ती पळवाटच वाटली. इतके महिने कारण नव्हतं, आता आयतं मिळालं. स्टेशनपर्यंत मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

ट्रेनमध्ये आमच्या पुस्तकवेड्यांतला मिलिंद "ब्रसेल्सला गेलो असतो तर निदान वॉफल तरी मिळालं असतं" हे ऐकवत होताच. त्याला माझ्या डब्यातला पराठा देऊन गप्प केलं.

मरायकाबाई दारातच उभ्या होत्या, छान इस्त्रीचा शर्ट वगैरे. पहिल्या डेस्कपाशी नेऊन त्यांनी एका पुस्तकाच्या पितळी कड्या सोडल्या. कड्या सुटल्या, पण वरची फळी उचलेना. चामड्याने मढवलेली लाकडी फळी ती, बाईंनी अलगद कडेने बोटं घातली... नाही. "दमट हवा असेल," म्हणाल्या. दुसऱ्या डेस्कवरचं पुस्तक घेतलं. तेच. पान आणि पान एकमेकांना धरून बसलेलं.

तिसरं तर त्यांनी आदल्याच दिवशी उघडून आमच्यासाठी एक चित्राचं पान काढून ठेवलं होतं. त्यात घातलेली कागदाची पट्टी बाहेर दिसत होती. बाईंनी ती ओढली, तर पट्टीसुद्धा सुटेना! भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारी तबकडी होती. त्यांनी जाऊन बघितलं, काटा कालच्याच जागी. बाईंचा चेहरा उतरला.

"मी बघू का जरा जोर लावून?" मिलिंद म्हणाला.

"हात लावलास तर तुला इथेच साखळीने बांधून जाईन," मी म्हणाले. माझा पारा चढला होता. उन्हाळाभर मेल लिहून मी बंद पुस्तकं बघायला आले होते का?

तेवढ्यात दारापाशी हात जोडून उभ्या असलेल्या आई म्हणाल्या, "मुग्धा, त्यांना सांग, ओढू नका म्हणावं. आज बसलीत ती. उद्या आपणहून उघडतील."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी भाषांतर केलं. बाई हसल्या नाहीत. पुस्तकावरचा हात त्यांनी काढून घेतला आणि विचारलं, "आणि उद्या उघडली तर?"

"मग वाचायची," आई लगेच म्हणाल्या. "दसऱ्याला चार ओळी तरी वाचाव्याच लागतात. नाहीतर पूजेत ठेवायची कशाला?"

आणि बोलून गेल्यावर त्या एकदम थांबल्या. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्याही आलं – घरी पाटावर ती कादंबरीसुद्धा होती. परतीच्या ट्रेनमध्ये मी बाकीच्यांना "फी नव्हतीच, त्यामुळे परत मिळणार नाही" हे समजावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी उत्तरपूजा केली, पुस्तकांवर अक्षता टाकून ती जरा हलवली. मुलीची पुस्तकं तिला दिली, लॅपटॉप मला दिला. कादंबरी मांडीवर घेऊन बसल्या, फडक्यासकट.

फोन वाजला. मरायकाबाई. चर्चला आल्या होत्या म्हणून सहज खोलीत डोकावल्या... एका बोटाने उघडली म्हणे. तिन्ही. पट्टीही अलगद हातात आली.

"हीटिंग लावलंत का? खिडकी उघडली होती का?" मी जवळजवळ भांडलेच. त्यांनी काहीही केलं नव्हतं.

"काय म्हणाली?" आईंनी विचारलं.

"उघडली, आई."

त्यांनी फडक्यावरच्या अक्षता झटकल्या. मग फडकं सोडलं. मी म्हणाले, "मी आत जाऊ का?"

"नको. बस इथंच. मोठ्यानं वाचणारंय मी. हळू वाचलेलं यांना ऐकू येत नाही."

खुणेचं पान उघडून त्यांनी वाचायला सुरुवात केली. निखिल दारात येऊन उभा राहिला आणि मग खाली जमिनीवरच बसला. दुपारी आईंचा घसा बसला तेव्हा पुढचं त्याने वाचलं. संध्याकाळी कादंबरी संपली, तेव्हा आम्ही तिघंही रडत होतो.

नंतर मी खूप डोकं लढवलं – चामडं, थंडी, जुनी खळ. ज्याला विचारावं तो "दमटपणा" म्हणतो. मग तबकडीचा काटा का हलला नाही, आणि आदल्या दिवशी घातलेली पट्टी कशी अडकली, असं विचारलं की तोच विषय बदलतो.

यंदा नवमीच्या आधी मरायकाबाईंचा मेल आला – त्या दिवशी परत उघडून बघू का? टेस्टरला याहून चांगली संधी कुठली! मी लिहिलं, नको. पुस्तकं उघडली असती, तर आईंचा तो दसरा मला नुसत्या दमट हवेच्या नावावर मांडावा लागला असता. तेवढं धाडस माझ्यात नाही.

नवमीला आईंचा सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. मागे पाट मांडलेला दिसत होता आणि त्यांच्या हातात एक पुस्तक, चक्क उघडं.

"आई! आज नवमी ना? पुस्तकं बसलीत ना?"

"पाटावरची बसलीत," आई म्हणाल्या. "ही कादंबरी वाचनालयाची आहे. शेवटाला आलीय, म्हणून मी पूजेत ठेवलीच नाही. आता ठेव फोन."