पेरूचं पथ्य

“नाव काय तुझं?” मी विराजला विचारलं, आणि विराज सोडून सगळ्यांनी उत्तर दिलं.

आजीने नाव सांगितलं. काकाने आडनावासकट सांगितलं. आजोबांनी गाव, तालुका आणि शेत कोणत्या शिवारात आहे तेही जोडून दिलं. विराजची आई सीमा तेवढी गप्प होती. खुद्द विराज माझ्या टेबलावरचा लाकडी बैल उलटा करून त्याचं पोट बघत होता. वय तीन पूर्ण, बोलणं शून्य.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. वसमतला खत-बियाण्याच्या दुकानावरच्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे. लोक मला बोलायच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सांगणं मी केव्हाच सोडून दिलंय. मूल बोलत नसेल किंवा उच्चार कच्चे असतील, तर त्याचं कारण शोधायचं आणि मुलाकडून, घरच्यांकडून सराव करून घ्यायचा, हे माझं काम. मुलांकडून करून घेणं सोपं असतं. घरच्यांपुढे माझं डोकं फिरतं, आणि फिरलेलं दिसतंही.

ही मंडळी हट्ट्याहून जीपने आली होती. आमच्याकडे पहिला नंबर कानांचा. ऐकूच येत नसेल तर मूल बोलणार कुठून? कानाची तपासणी ते नांदेडहून करून आले होते. कान ठणठणीत होते. मग समज बघितली. “विराज, बैल आजीला दे,” म्हटलं, त्याने दिला. “चप्पल कुठाय?” म्हटलं, त्याने माझीच चप्पल आणून टेबलावर ठेवली. नजरेला नजर देत होता, खोड्या काढून हसत होता. अशा मुलांना आम्ही ‘लेट टॉकर’ म्हणतो. समज बरोबर, बोलणं तेवढं मागे.

मागे का, तेही तिथेच दिसलं. विराजने भुवई उचलली, आजीने पाण्याची बाटली उघडली. विराजने बोट केलं, काकाने त्याला उचलून खिडकीशी नेलं. विराजने नाक मुरडलं, आजोबा म्हणाले, “मॅडम, पंखा कमी करा. लेकराला गार लागून राहिलं.”

पोरगं न बोलता अख्खं घर चालवत होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तोंड उघडलं नसतं.

मी समजावून सांगितलं. आवडीची वस्तू त्याला दिसेल अशी ठेवायची, पण हाताला लागू द्यायची नाही. तो मागायला आला की त्याच्या तोंडाकडे बघत गप्प उभं राहायचं. ‘बोल, बोल’ करायचं नाही. तोंडातून कसलाही आवाज निघाला की वस्तू लगेच द्यायची आणि तिचं नाव घ्यायचं. ह्याला आम्ही ‘वेट टाइम’ म्हणतो, म्हणजे मुलाला बोलायला जागा ठेवायची.

“एवढंच?” आजोबा म्हणाले. त्यांना औषधाची बाटली अपेक्षित होती.

“एवढंच. पण जमवा.”

पुढच्या आठवड्यात काकाने व्हिडिओ पाठवला. वर फळीवर बिस्किटाचा डबा. खाली विराज. भुवई वर. मी खूश होऊन मोबाइल जवळ धरला. इतक्यात उजवीकडून बांगड्या घातलेला एक हात आला, विराजच्या मुठीत बिस्कीट कोंबलं आणि परत गेला. मागून काकाचा आवाज, “बघा मॅडम, थांबलो का न्हाई?”

मी फोन लावून आजींना विचारलं.

“मी थांबलेच व्हते की,” आजी म्हणाल्या. “पण लेकराचं तोंड एवढंसं झालं. तुमचं काळीज दगडाचं हाय, माझं न्हाई.”

मी फार बोलले त्या दिवशी फोनवर. उपयोग काही झाला नाही. त्यानंतरच्या व्हिडिओत हात डावीकडून आला.

मग एक दिवस सगळे ठरल्या वेळेच्या आधीच क्लिनिकमध्ये हजर. आजोबा खुर्चीत बसले आणि सांगू लागले. जवळा बाजार गावी त्यांना कोणी भेटलं होतं. त्याच्या मते विराजच्या जिभेखालची तार आखूड होती. तिथल्या आठवडी बाजारात एक माणूस बसतो, तो ब्लेडने ती तार सोडवून देतो.

“येत्या बाजाराला नेतो,” आजोबा म्हणाले. “तुमचं चालू द्या, त्याचंबी चालू द्या.”

मी विराजच्या वरच्या ओठाला मधाचं बोट लावलं. त्याने जीभ वर नेऊन ते साफ चाटलं. मग खालच्या ओठाला लावलं, तेही चाटलं.

“बघा. जीभ कुठेच अडत नाही. कापायला तिथे काही नाहीच. तीन वर्षांच्या लेकराच्या तोंडात बाजारातलं ब्लेड घालणार? रक्त थांबलं नाही तर?”

“मग बोलून काहून न्हाई राहिला?”

“तुम्ही बोलू देत नाही म्हणून.”

आजोबांचा चेहरा पडला. पुढे मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सीमाने डोळ्याला पदर लावला. घरात तिलाच बोल लागत होता, तू मोबाइल दाखवला म्हणून पोरगं मुकं राहिलं. ती हळूच म्हणाली, “मॅडम, रागावू नका. बाबा एकदा ठरवलं की ऐकत न्हाईत. काहीतरी मार्ग काढा.”

तेवढ्यात आजींनी पिशवीतून फडक्यात बांधलेला एक पेरू काढून माझ्यासमोर ठेवला. एका बाजूने टोचलेला होता.

“पोपटाचा उष्टा हाय. आमच्या मळ्यातला. हा चारला की लेकरू बोलतंय. मी ह्यांना कवाचं सांगून राहिले, ब्लेड नको, पेरू द्या.”

आमच्या भागात हा उपाय घरोघरी माहीत आहे. एरवी मी आजींनाही झापलं असतं. पाखराने टोचलेलं फळ लेकराला द्यायचं नसतं, पोट बिघडतं. पण त्या दिवशी मी पेरूकडे बघत राहिले. ह्या आजींना मी सांगितलेलं बिस्कीट क्षणभर रोखून धरवत नव्हतं. त्याच आजी मागे एकदा सांगत होत्या की गुडघ्याच्या औषधाला वांग्याचं पथ्य आहे, म्हणून वर्ष झालं त्यांनी वांगं तोंडात घातलेलं नाही. इतकं की घरात भरली वांगी झाली तर त्या ओसरीवर जाऊन बसत.

“आजी, पेरू द्या,” मी म्हणाले. “पण ह्याला पथ्य फार कडक आहे.”

खोलीत सगळे सावरून बसले. आजोबासुद्धा.

“टोचलेला पेरू द्यायचा नाही. त्याच फांदीचा चांगला पेरू घ्यायचा, धुऊन, फोडी करून.”

“गुण तर उष्ट्यातच असतो,” आजी म्हणाल्या.

“पोपटाने फांदी निवडली ना? मग झालं.”

आजींनी विचार केला आणि मान डोलावली.

“फोड लेकराच्या समोर धरायची. धरणाऱ्याने बोलायचं नाही, घरातल्या कोणीच बोलायचं नाही. लेकराच्या तोंडून आवाज निघायच्या आत फोड दिली, तर गुण जातो.”

“गुण जातो,” आजींनी स्वतःशी म्हटलं.

“आणि पथ्य चालू असेपर्यंत तोंडाला हत्यार लावायचं नाही.”

“ते तर बराबर हाय,” आजोबा म्हणाले. “पथ्यात हत्यार कसं लावतील?”

मी खोटं बोलले का, ह्याचा मी नंतर विचार केला. आधी दिलं तर गुण जातो हे माझ्या पुस्तकातही असंच आहे, फक्त इंग्रजीत.

बाजाराचा दिवस उजाडला. माझा जीव टांगणीला. दुपारी काकाचा व्हिडिओ आला. झाडाखाली आजी बसलेल्या, हातात फोड. समोर विराज. त्याने भुवई उचलली. आजी ढिम्म. बोट केलं. ढिम्म. पदर ओढला, पाय आपटले, जमिनीवर लोळून घेतलं. आजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात हलला नाही. मागे आजोबा तोंडावर उपरणं धरून उभे होते. विराज उठला, आजींच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि वैतागून म्हणाला, “दे.”

त्यानंतर व्हिडिओत नुसतं आभाळ दिसतं. काकाने मोबाइल टाकून दिला असावा.

लगेच सांगते, एका पेरूने पोरगं बोलायला लागलं नाही. पेरूनंतर पाण्याला पथ्य लावलं, मग बिस्किटाला, मग काकाच्या मोटारसायकलला. प्रत्येक वस्तूला नवा शब्द. दर आठवड्याला क्लिनिकचा सराव होताच. आणि सगळी मुलं विराजसारखी नसतात. कुणाच्या कानात दोष असतो, कुणाचं कारण आणखी वेगळं असतं. आधी तपासणी करा, पेरूचं नंतर बघू.

पेरूचा हंगाम संपत आला तेव्हा मंडळी पुन्हा आली. मी विराजला समोर बसवलं आणि पहिल्या दिवसाचाच प्रश्न विचारला. “नाव काय तुझं?”

कोणी बोललं नाही. काकाने ओठ दातांत धरले. आजोबा छताकडे बघू लागले. सीमाने दोन्ही हातांनी खुर्ची पकडली. विराज बैलाच्या शिंगांवरून बोट फिरवत राहिला. खालच्या दुकानात कोणी तरी पोती मोजत होतं, ते ऐकू येत होतं. मला ते सहन होईना.

“विराज ना?” मी म्हणाले.

आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी लहान झाले.

“मॅडम, पथ्य मोडलं तुमी,” त्या म्हणाल्या. “आता गप ऱ्हावा.”

मी गप्प राहिले. विराजने बैल सरळ करून टेबलावर उभा केला, आळीपाळीने सगळ्यांकडे बघितलं आणि सांगितलं, “इराज.”

सीमा रडायला लागली, मीही. आजोबांनी डोळे पुसले आणि गाव, तालुका, शिवार सांगायला तोंड उघडलं. आजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

आजोबा आता भेटेल त्याला सांगतात की ब्लेडबिड काही करू नका, वसमतच्या मॅडम पेरू देतात. त्यामुळे हंगाम असला की दर आठवड्याला कोणी ना कोणी पिशवीत टोचलेले पेरू घेऊन येतंच. मी ते बाजूला ठेवते, लेकराची कानाची तपासणी लिहून देते आणि घरच्यांना पथ्य सांगते. ‘वेट टाइम’ हा शब्द मी वापरायचा सोडलाय. स्वतःसाठी मात्र टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवली आहे, फक्त मला दिसेल अशी. तिच्यावर लिहिलंय, ‘गप ऱ्हावा.’