आईच्या नावाचा डबा
काल माळा आवरताना तो स्टीलचा डबा हाताला लागला आणि झाकण उघडताच शिळ्या मेतकुटाचा वास आला. माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली, त्या वर्षी तिची पाच वर्षांची मुलगी जामखेडहून आमच्याकडे सावेडीला राहायला आली, तेव्हा तिनं आपल्या फ्रॉकांबरोबर हाच डबा आणला होता. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं त्यावर बहिणीचं नाव घातलेलं होतं. पोरगी दिवसभर मोबाईलवर एकच कार्टून बघायची. त्यातले बोलणारे कुकर, पळी, चिमटा अंतराळात जायचे आणि हरवलेल्या माणसांना घरी आणायचे. एका दुपारी तिनं डबा गच्चीत तापलेल्या फरशीवर नेऊन ठेवला. "मावशी, ह्याच्यावर आईचं नाव हाय," ती म्हणाली, "ह्यो चुकायचा न्हाई." बसून बसून ती पेंगली, तशी मी तिला आत आणून निजवलं आणि डबाही उचलून आणला. उठल्यावर ती धावत गच्चीत गेली, रिकामी फरशी बघून हसत आली आणि म्हणाली, "गेला त्यो." किती महिन्यांनी ती हसत होती. मला खरं सांगवेना; मी डबा माळ्यावर लपवला. पुढे जिन्यात पावलं वाजली की ती दार उघडायची, मग हळूहळू उघडेनाशी झाली. काल शिडी धरून तीच खाली उभी होती, आता तेरा वर्षांची. तिनं डबा हातात घेतला, नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मला वाटायचं, निदान हा तरी तिच्यापाशी असेल."