काठीचा एक ठोका

माझी मुलगी मुक्ता घरूनच नोकरी करते, तीही दिवसभर कानांवर हेडफोन लावून. आम्ही नवराबायको ऑफिसला गेलो की घरात ती आणि माझे वडील, दोघंच. आबा कधी हाक मारत नाहीत. उठायला आधार हवा असला की काठी जमिनीवर आपटतात. तो ठोका मुक्ताला ऐकू येईल का, हीच माझी काळजी.

परवा तिने मोबाइलवर एक ॲप घेतलं. आपण निवडलेला आवाज झाला की गाणं थांबतं आणि तो आवाज कानात येतो. तिने तीनच निवडले: दाराची बेल, कुकरची शिट्टी, आबांची काठी. कान झाकूनही माणूस कोणासाठी तरी ते उघडे ठेवतो, याचं बरं वाटलं.

तरी खात्री हवीच. रविवारी मुक्ता हेडफोन लावून बसली असताना आबांची काठी हॉलमध्ये आणून मी तीनदा आपटली. मुक्ता जागची हलली नाही.

"ऐकू आलं, बाबा. पण आबा तीनदा नाही आपटत. एकदाच आपटतात आणि वाट बघतात."

तिची परीक्षा घेणाऱ्या मलाच हे ठाऊक नव्हतं.

काठी परत द्यायला गेलो, तर आबा पलंगाच्या कडेला बसून होते.

"काठी सापडेना," ते म्हणाले. "म्हटलं, येईल कोणीतरी."