धुक्याची घंटा

निवृत्तीनंतर काय करता असं कुणी विचारलं, की उल्काताई सांगतात, "चौतीस वर्षं माणसांना झोपवलं, आता घंटा बडवते." बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्या भूलतज्ज्ञ होत्या आणि नवरा राजीव हाडांचा डॉक्टर. दोघं नागपूरच्या मेडिकल कॉलेजात एकाच वर्गात होते, त्यामुळे अरे-तुरे लग्नाआधीपासूनचं. राजीवला पक्षी बघायचा नाद, म्हणून ऑस्टरफेन नावाच्या या पाणथळ गावात त्यांनी घर घेतलं. पक्षी भरपूर होते, पण तीन वर्षांत राजीवची आठवणच उडून जायला लागली.

आता ही घंटेची काय भानगड, ते सांगायला हवं. तीनशे वर्षांपूर्वी लोकरीचा एक व्यापारी इथल्या धुक्यात वाट चुकला. रुतून मरायचाच, तेवढ्यात चर्चची घंटा ऐकू आली आणि आवाजाच्या रोखानं चालत गडी घरी पोचला. देव तारी त्याला कोण मारी! त्यानं चर्चला एक शेत लिहून दिलं, अट एवढीच की नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज दिवेलागणीला अर्धा तास घंटा वाजलीच पाहिजे. त्याचं नाव मनोऱ्याच्या पायथ्याशी दगडात कोरलंय. गावाला या गोष्टीचा कोण अभिमान! दोर ओढायला मात्र कुणी तयार नाही.

जुन्या घंटावाल्याचा खांदा निखळला, तेव्हा चर्चचा कारभार बघणारा नॉर्मन टोपी हातात धरून उल्काताईंच्या दारात आला. ऐंशीचा शेतकरी, कमी बोलणारा. म्हणजे घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. तरी उल्काताई हो म्हणाल्या. खरं कारण सांगायला त्यांना लाज वाटते. तेवढा अर्धा तास "आज वार कोणता?" असं त्यांना कुणी विचारत नाही. शेजारची बाई तेवढा वेळ राजीवजवळ बसते. आणि नॉर्मन? तो स्वतः कधीच दोराला हात लावत नसे. का, ते कुणी विचारलं नाही.

नोव्हेंबरातला तो रविवार. लेक स्वराली आली होती, म्हणून शेजारणीला सुट्टी दिली. दुपारपासून धुकं असं उतरलं की अंगणातलं फाटक दिसेना. चार वाजता उल्काताईंनी घंटा सुरू केली. वीसेक मिनिटं झाली असतील, तोच स्वराली धापा टाकत मनोऱ्यात आली. पायात घरातल्या सपाता तशाच.

"आई, बाबा घरी नाही. तो म्हणाला, येतो हं. मला वाटलं, किचनमध्ये येतोय. मी वाट बघितला. मग बघते तर दार उघडा."

उल्काताईंना लगेच उमगलं, तो बाहेर पडलाय. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणूनच माणूस उंबरा ओलांडतो. बर्मिंगहॅमात वाढलेल्या, मोडकंतोडकं मराठी बोलणाऱ्या पोरीला हे कोण सांगणार? असं काही सांगायचं असतं, हे उल्काताईंच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. लेकीवर ओरडावं असं वाटलं, पण ओरडून काय होणार?

"नॉर्मनला सांग, पळ," त्या म्हणाल्या. "मी वाजवत राहते. आवाज ऐकून येईल तो."

दोर त्यांनी दुप्पट जोरानं ओढायला घेतला. त्यासाठीच तर घंटा आहे ना? तो व्यापारी नाही आला? राजीवही येईल. तळहात सोलले, तरी त्या थांबेनात. साडेचार होऊन गेले. मन चिंती ते वैरी न चिंती. त्यांना कालवा दिसायला लागला. चर्च आणि राजीव पक्षी बघायला जायचा त्या कुरणाच्या मधला, दोन पुरुष खोल, काठाला कठडा नसलेला. पूल एकच, तोही पार खाली वळणावर.

दार उघडलं आणि नॉर्मन आत आला. त्याच्या कोटावरून पाणी ठिबकत होतं.

"डॉक्टर, घंटा थांबवा. आम्हाला त्याची हाक ऐकू येत नाही."

"थांबवली तर त्याला वाट कशी कळेल?"

"घंटेला वाट माहीत नाही. ती सरळ बोलावते, आणि सरळ आलं की कालवा." तो दोराकडे बघत राहिला. "माझा थोरला भाऊ असाच आला होता. मी वाजवत होतो. अकरा वर्षांचा होतो मी."

उल्काताईंना मनोऱ्याच्या पायथ्याचा दगड आठवला. वाचला त्यानं शेत लिहून दिलं, दगडावर नाव मिळवलं. बुडालेले काय लिहून देणार? गावाला माहीत असणारच, आणि गाव गप्प बसलं. त्यांना संताप आला, गावाचा आणि त्याहून स्वतःचा. इतका वेळ नवऱ्याला मीच पाण्याकडे बोलावत होते. हाक माझी होती. दोर सोडायला त्यांची बोटं उघडेनात, नॉर्मननं ती एकेक करून सोडवली.

शेवटचा घुमारा विरला. मग जी शांतता पडली, ती घंटेपेक्षा मोठी होती. त्या तशाच बाहेर धावल्या, नॉर्मनचा टॉर्च पुढे. कालव्याच्या अलीकडच्या काठाला गुडघे टेकून त्यांनी कान दिला. पाण्याचा आवाजही नव्हता. राजीवला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली तर तो पुढे येईल.

नॉर्मन पुलावरून पलीकडे गेला. टॉर्चचा ठिपका हळूहळू काठानं सरकला आणि एका जागी थांबला. तिथे राजीव उभा होता. एक बूट काठावर, दुसरा पाय पाण्यात पोटरीपर्यंत. नॉर्मननं मागून त्याचा कोट धरला.

उल्काताई पूल ओलांडून पोचल्या तेव्हा राजीव कुडकुडत होता. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, चूक पकडलेल्या विद्यार्थ्यासारखं.

"तू सारखी बोलवत होतीस, म्हणून येत होतो," तो म्हणाला. "मग एकदम गप्प झालीस. मला वाटलं, चिडलीस. म्हणून थांबलो. चिडलीस का गं?"

त्यांनी दोन्ही हातांनी त्याची ओली कॉलर घट्ट धरली.

"हो," त्या म्हणाल्या, "चिडलेय. आणखी चिडणार आहे. पाय मागे घे."