माया ठेवजो

ब्लाऊज हातात घेतला की ती आधी तो उलटा करायची. बाहेरून तो कसा दिसतो, गळा कसा आलाय, याच्याशी तिला काही देणंघेणं नसायचं. आतली शिवण दोन बोटांच्या चिमटीत धरून चोळायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "माया कुठं आहे व? माया ठेवजो म्हटलं होतं ना."

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही होतं. पण तुमसरला शिवणक्लास करून मी नाकाडोंगरीला परत आले ती सफाईचं वेड डोक्यात घेऊन. आत लोंबणारं कापड मला गबाळं वाटायचं. शिवण मारून झाली की मी कात्रीनं सगळी माया छाटून टाकायचे. आतून माझा ब्लाऊज इतका सुबक दिसायचा की बाईनं तो उलटाच घालावा. सुलटा तो फारसा कुणाला बसत नसे.

ती आमच्या घरामागच्या क्वार्टरमध्ये राहायची. नवरा जंगल खात्यात गार्ड. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा पोट खाली झालं होतं. हे गावाला ठाऊक होतं, म्हणून मलाही. पुढचंही आताच सांगून टाकते, म्हणजे माझ्यावर तुम्हाला नीट हसता येईल. त्या उन्हाळ्यात तिला पुन्हा दिवस गेले होते. नवऱ्याखेरीज तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. वाढत्या अंगाचे ब्लाऊज सैल करून घ्यायला ती माझ्याकडे येत होती, आणि मला काहीही कळलं नाही.

आई मजुरीला गेली की ती मागच्या दारानं यायची. "जय भीम" म्हणायची आणि मशीनशेजारच्या पोत्यावर बसायची. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "हा जरा सैल करून दे. खालचे हुक लागून नाही राहिले."

मी घाबरले. महिन्यापूर्वीच मीच शिवलेला ब्लाऊज. उसवून सैल करावा तर आत मायेचा एक धागा नाही. शेवटी बगलेखाली दोन्ही बाजूंना पट्टी जोडली. ब्लाऊज जांभळा, पट्टी वांग्याच्या रंगाची. उन्हात गेल्याशिवाय फरक कळणार नाही, असं मी तिला सांगितलं.

"मंग उन्हात नाही जात," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा आली तेव्हा पट्टीही कमी पडली होती. आता मात्र मला खात्रीच पटली की दोष टेपचा आहे. आमचा टेप क्लासमधून आणलेला, घामानं आणि पाण्यानं आटला असणार. मी तुमसरहून नवा टेप मागवला. नव्या टेपनं माप घेतलं तर छाती आणखी भरली. दुकानदारानं फसवलं, असं मी आईला सांगितलं.

मग मी ठरवलं की बिघाड मुळातच, म्हणजे कागदी कटिंगमध्ये आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर तिचं कटिंग मी काढून ठेवलं होतं. ते पुढच्या टक्सपासून खांद्यापर्यंत कापलं, फाकवलं, मधे कागदाची पट्टी लावली. बगलेला एक पट्टी, मुंढ्याला एक, खाली एक. डिंक नव्हता, म्हणून सकाळच्या भाताच्या शितांनी चिकटवलं. ती समोर बसून बघत होती. मी बोटांना शितं लागलेल्या हातानंच तिला उपदेश केला, "ताई, राग नका मानू, पण भात कमी करा. पोळी खात जा."

भंडाऱ्यात जन्मलेल्या बाईला भात सोड म्हणणारी मी पहिलीच असेन. ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "हौ. लई खाऊन राहिली मी. जाड होऊन राहिली."

"आणि सकाळी चालत जा. आंबागडाच्या डोंगरावर चढलात तर आणखी बरं."

"पाहू," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, लाजली बिचारी.

पण एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली? बोअरवेलवर पाणी भरताना कुणीतरी म्हणालं, गार्डाची बायको भरून आल्यासारखी दिसते. मी लगेच तज्ज्ञ झाले. "भातानं झालं ते. मीच माप घेतो ना त्यायचं. पोळी खायाले सांगतली मी." बायांनी माना डोलावल्या. शिवणारीला मापं ठाऊक असतात, तिच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

मग एक दिवस पाऊस लागला आणि आई अर्ध्यातून घरी आली. गार्डाची बायको नुकतीच माप देऊन गेली होती. आईनं खिळ्याला टांगलेलं ते पट्ट्यापट्ट्यांचं कटिंग बघितलं. "कोनाचं हे?" मी सांगितलं. टेपची गोष्ट सांगितली, भाताचीही सांगितली. आई तिथंच खाली बसली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अवं बैताड! दिवस गेले तिले!"

मी ओल्या रस्त्यानं तशीच धावत क्वार्टरवर गेले. ती भातच शिजवत होती. मला बघून काय झालं ते तिला कळलं. "समजलं का तुले?" तिनं विचारलं. मग आधी हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा एकदम उतरला.

"कोनाले सांगू नको व," ती म्हणाली. "नजर-बिजर मी नाही मानत. पन मांगच्या टाइमाले बाया समजावाले आल्या, अन् मलेच त्यायले चूप करा लागलं. आता पुन्हा नाही होत माह्याच्यानं."

मी मान हलवली. मग मनातलं विचारलं. तुमसरला इतके चांगले शिंपी असताना ती माझ्याकडेच का आली? माझ्या हातच्या सफाईसाठी, असं ती म्हणेल अशी मला अजूनही थोडी आशा होती.

"तुले काही समजत नाही ना, म्हनूनच," ती म्हणाली. "अन् वरून तू बोअरवेलवर भाताचं सांगतलं. देवासारखी धावली तू. तवापासून कोनी विचारलंच नाही."

मी अपमान गिळला, पण तो गोड लागला. पुढे पोट दिसायला लागलं तेव्हा गावाला कळायचं ते कळलंच. तोवर मात्र मी बोअरवेलवर भाताची बदनामी नेटानं चालू ठेवली. तिचा पुढचा ब्लाऊज शिवला, तेव्हा पहिल्यांदा कात्री बाजूला ठेवली. तिनं उलटा करून पाहिला, चिमटीत शिवण धरली आणि घडी घालून पदराखाली घेतला.

तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं त्या दिवशी माझ्या हातून एक शिवण सरळ आली नाही. आई शेतातून येऊन उंबरठ्यावर बसून राहिली. संध्याकाळी गार्ड सायकलवरून उतरला आणि चप्पल न काढताच आत आला. "पोरगी झाली. दोघीबी मस्त."

आमच्याकडे पोटातल्या मुलासाठी आधी काही शिवत नाहीत. नजर न मानणाऱ्या तिनंही शिवून घेतलं नव्हतं. "मानत नाही, पन विषाची परीक्षा कायले घ्या," असं तिचं म्हणणं. पोर घरी आली तेव्हा तिनं तो जांभळा ब्लाऊज माझ्यापुढे टाकला. धुऊन धुऊन मऊ झाला होता. "याचं झबलं कर. माया ठेवजो."

"ताई, एवढ्याशा झबल्याले कायची माया?"

"वाढंन ना ते."

झबल्याच्या दोन्ही बाजूंना मी बोट बोट माया सोडली. बगलेची वांगी पट्टीही त्यात आली, ती काही मला टाळता आली नाही. थोड्याच दिवसांत नवऱ्याची बदली झाली, गोंदिया जिल्ह्यात, पार सालेकशाकडे. टेम्पोत सामान चढलं, वर पाळणा बांधला, आणि क्वार्टरला कुलूप लागलं. त्यानंतर ती मला कधी भेटली नाही.

दोनेक वर्षांनी तिकडून माहेरी आलेल्या एका बाईनं पिशवी आणून दिली. आत फुलाफुलांचं नवं कापड आणि तेच झबलं. "फ्रॉक शिवाले सांगतला आहे," ती बाई म्हणाली. "मापाले झबलं धाडलं."

मला हसू आलं. वाढत्या पोरीच्या मापाला कुणी जुनं झबलं पाठवतं का? मग तिच्या सवयीनं मी ते उलटं केलं. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून सैल केल्या होत्या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. जुन्या टाक्यांची भोकं ओळीनं दिसत होती, एका ओळीबाहेर दुसरी, अगदी काठापर्यंत. एक धागाही माया शिल्लक नव्हती. सगळी पोरीला लागली होती.

मी मशीनवर डोकं ठेवून रडायला लागले. चुलीपासून आईनं विचारलं, "काहून रडून राहिली व?"

"टेप नाही सापडून राहिला," मी म्हणाले. टेप माझ्या गळ्यातच होता.